वरीलप्रमाणे

"आमच्या गावाचं नाव तेवढं लिहू नका सिस्टर, पाया पडतो तुमच्या," असं म्हणत पोरीचा बाप खरोखरच वाकला.

मी पाय आखडायला गेले आणि गुडघ्यातून अशी कळ आली की तोंडातून "अगं आई गं" निघालं. सकाळपासून हे तिसरं गाव. पहिल्या गावात घराला कुलूप, दुसऱ्या गावातला निरोपच चुकीचा, आणि आता शिरसमाळला या रंगनाथ मिसाळांच्या ओसरीवर मी मांडीवर फॉर्म घेऊन बसले होते. फाल्गुनाचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. दारात आमची जीप उभी होती, आणि जीपभोवती निम्मं गाव.

"अहो भाऊ, उठा आधी," मी म्हणाले. "जन्म इथं झालाय तर इथलंच नाव लिहायचं ना? मी काय मनानं लिहितेय?"

"धाकटी लग्नाची हाय माझी. कागदावर शिरसमाळ आलं की कोण करंल तिला?"

जिल्ह्यात तेव्हा जन्मदोषांची नोंदणी चालू होती. म्हणजे असं, की तालुक्यात जन्मलेलं प्रत्येक मूल डोक्यापासून पायापर्यंत बघायचं. दवाखान्यात झालेलं, घरी झालेलं, जिवंत, मेलेलं, सगळं. ओठ फाटलेला, पाय वाकडा, कणा उघडा, काही दिसलं की एक फॉर्म. एकही मूल सुटता कामा नये, असं ट्रेनिंगला चारचारदा बजावलं होतं. बजावणाऱ्याचं काय जातं! एकशे दहा गावं, एक जीप, आणि वॉर्डात उभं राहवत नाही म्हणून या कामाला लावलेली मी, मंदाकिनी खरात, वय वर्षं बावन्न. गावोगाव लोक मला खरात सिस्टर म्हणत आणि मी येताना दिसले की दार लोटून घेत.

रंगनाथची थोरली मुलगी द्वारका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नऊ दिवसांपूर्वी घरीच सुटका झाली. बाळाला कपाळाच्या वर काही नव्हतंच. कवटीच झाली नव्हती. अर्धा तास श्वास चालला होता म्हणे. सुईणीनं उपकेंद्रात सांगितलं, उपकेंद्रानं मला.

मी एकेक रकाना भरत गेले. तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, आईचं वय वीस. जन्माचे ठिकाण, शिरसमाळ. त्याच्या खालचा रकाना होता, आईचे राहण्याचे ठिकाण. तिथं माझा हात आपोआप चालायचा. मी लिहिलं, वरीलप्रमाणे.

"मी हितली न्हाई," आतून आवाज आला.

द्वारका उंबऱ्याशी येऊन बसली होती. कानाला फडकं बांधलेलं, चेहरा हळदीसारखा. ओचा घट्ट धरून बसली होती.

"मी धोंडेगव्हाणची हाय," ती म्हणाली. "रेशन कार्डात नाव तिकडं लागलंय माझं. तिकडचं लिवा. मला माघारी जायचंय."

"जाशील की गं. त्याचा आणि या कागदाचा काय संबंध?"

"लिवताव का तिकडचं?"

"लिहिते, लिहिते," मी म्हणाले आणि फॉर्म पिशवीत घातला. खोडून परत लिहायचं तर सही परत, तारीख परत. आणि चहा आला तर तो नाकारण्यात अजून दहा मिनिटं जाणार. खरं सांगते, त्या पोरीचं बोलणं मी ऐकलंच नव्हतं. जीपमध्ये बसले आणि लिंबाजीला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, म्हणाले, "चल बाबा, गुडघ्याचं तेल संपलंय, वाटेत मेडिकलला थांब."

चार दिवसांनी जिल्ह्याहून डॉक्टर तांबोळी आल्या. या नोंदणीच्या मुख्य त्याच. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं चिमणी, पण कागद बघायला बसल्या की मोठमोठे सुपरिंटेंडंट घाम पुसायचे. आमच्या खोलीत टेबलावर त्यांनी तालुक्याचा नकाशा पसरला आणि मी दोन वर्षांत भरलेल्या फॉर्मांमधून कणा किंवा कवटी उघडी असलेले तेवढे वेगळे काढले. अकरा निघाले. प्रत्येकाच्या गावावर त्या टाचणी टोचत गेल्या.

"सगळीकडे एकेक," त्या म्हणाल्या. "विखुरलेले."

"म्हणजे बरंच आहे की मॅडम."

त्या फॉर्म पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागल्या. मी घड्याळाकडे बघत होते. साडेचारची एसटी चुकली तर पुढची सहाची.

"सिस्टर, एक विचारू? तुमच्या तालुक्यात मुली लग्न झाल्यावर सासरी जात नाहीत का?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. "असं कसं मॅडम? जातात ना."

"मग या अकराच्या अकरा जणी आईबापाकडे राहतात असं का लिहिलंय?" त्यांनी एकेक फॉर्म माझ्यासमोर ठेवला. "वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. हा बघा, वरीलप्रमाणे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना आपल्याकडे? सातव्या महिन्यात ओटी भरून आणतात. त्याच्या आधीचे सहा महिने ती कुठे होती?"

"सासरी."

"हा दोष कितव्या महिन्यात होतो?"

मला आठवेना. नर्सिंगला शिकवलं होतं, पण त्याला तीस वर्षं झाली होती.

"पहिल्याच महिन्यात," त्याच म्हणाल्या. "आपल्याला दिवस गेलेत हे पोरीला कळतसुद्धा नाही, तेव्हा. म्हणून तो दुसरा रकाना आहे. जन्म कुठं झाला याला फारसा अर्थ नाही सिस्टर. ती राहत कुठं होती, तिथलं पाणी काय, खाणं काय, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या का, ते शोधायचंय. तुम्ही माहेरं मोजलीत."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. पण त्यांनी नुसत्या टाचण्या उपटायला सुरुवात केली. अकरा टाचण्या डबीत टाकल्या आणि नकाशा कोरा झाला. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"पुन्हा जावं लागेल," त्या म्हणाल्या. "अकराही घरी."

तो आठवडा आठवला तरी आजही माझे पाय भरून येतात. अकरा घरं म्हणजे अकरा वेळा तेच. आधी दार उघडत नाहीत. उघडलं तर कानावर हात ठेवतात, आमच्याकडे असलं काही झालंच नाही म्हणतात. मग आतून एखादी बाई डोळ्याला पदर लावून येते. मी फक्त एवढंच विचारायची, "नांदायला कुठं आहेस गं?" आणि डायरीत लिहायची. बोरदऱ्याची मुलगी म्हणाली, धोंडेगव्हाण. मी लिहिलं. कासारपिंपरीची म्हणाली, आता इथंच असते, पण दिली होती धोंडेगव्हाणला. मी लिहिलं आणि वर बघितलं. "का आलीस माघारी?" तर तिची आई म्हणाली, "न्हाई नांदवलं. म्हणाले तुमच्या रक्तात खोट हाय."

चौथ्या दिवशी हातोल्याच्या मुलीनं तेच गाव सांगितलं तेव्हा मी डायरी मिटली. जीपमध्ये बसल्या बसल्या लिंबाजीला म्हणाले, "धोंडेगव्हाण केवढं गाव आहे रे?"

"असंल की दीडशे उंबरा. ओढ्याच्या पल्याड, शेवटचं. आपुन कुठं कधी गेलोय तिकडं?"

खरंच होतं. तिथल्या उपकेंद्राची नर्स बदलून गेली होती आणि जागा दोन वर्षं रिकामी होती. रिकाम्या जागेचा अहवाल कोण देणार? दर महिन्याच्या तीस तारखेला मीच धोंडेगव्हाणच्या पुढे लिहून टाकायची, निरंक. म्हणजे तिथे काही नाही. मागच्या आषाढात एकदा निघाले होते. अंगणवाडीच्या बाईला निरोपही दिला होता, की सिस्टर बाळंतिणी बघायला येणार आहेत. ओढ्यापाशी पोचलो, पाणी बघितलं आणि परत फिरलो. पाणी घोटाभरच होतं. पण "नको बाई, जीप अडकेल," असं मीच म्हणाले आणि मला बरंच वाटलं, कारण घरी जाऊन पडता येणार होतं.

अकरात चार निघाल्या धोंडेगव्हाणच्या, द्वारका धरून. चौघींची माहेरं चार दिशांना, म्हणून चार टाचण्या चार कोपऱ्यांत टोचल्या गेल्या होत्या. आणि ज्या गावात त्या चौघी राहिल्या होत्या, त्या गावापुढे माझ्या अक्षरात सव्वीस वेळा निरंक.

शिरसमाळला मी सगळ्यात शेवटी गेले. द्वारकाचं सासर मला माहीत होतं, खरं तर जायची गरज नव्हती. पण फॉर्म दुरुस्त करायचा तर तिच्यासमोर करावा, असं वाटलं. या वेळी रंगनाथ वाकला नाही. ओसरीवर बसूनच राहिला.

"आता कशाला आलाव?" तो म्हणाला. "त्या दिवशी तुमची गाडी दारात हुबी राहिली, गाडीवर काय काय लिवल्यालं, आन दुसऱ्या दिशी धोंडेगव्हाणला खबर पोचली. आम्ही सांगितलं व्हतं, मेल्यालं झालं म्हणून. तेवढ्यावर भागलं असतं. आता तिची सासू म्हणती, आसलं पोर आमच्या घराण्यात कंदी झालं न्हाई, तुमच्याच पोरीत खोट हाय. दिगंबरला दुसरी बघाया लागलेत. परवा बैठक हाय तिकडं. सोडचिठ्ठी लिवून द्या म्हणतेत."

"दिगंबर काय म्हणतो?"

"त्यो काय म्हननार? आईपुढं तोंड उघडतंय व्हय ते!"

द्वारका उंबऱ्याशी होती, त्याच जागी. मी फॉर्म काढून तिला दाखवला. खोडलं, नवं लिहिलं. ती वाचू शकत होती, सातवीपर्यंत शिकली होती. तिनं बोटानं अक्षरं लावली आणि म्हणाली, "त्या दिशी सांगितलं तवा लिवलं न्हाई न् तुमी?"

"नाही लिहिलं. चुकले."

"मला वाटलं व्हतं, न्हाईच लिवणार," ती म्हणाली. चिडली असती तर निभावलं असतं. पण ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली, थकलेल्या डोळ्यांनी, आणि मला तिच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी मी तांबोळी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. चार म्हटल्यावर त्यांनी गावाचं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "टीम घेऊन येते. पाणी, धान्य, सगळं तपासू. दहा-बारा दिवस लागतील."

"बैठक परवा आहे मॅडम."

"सिस्टर, आपण मोजणारी माणसं आहोत. घरच्या बैठकीत आपलं काय काम? आणि बाकी तिघींची नावं तोंडातून गेली तर त्यांच्या संसाराचं काय होईल? नावं बाहेर जाता कामा नयेत. कुठल्याही परिस्थितीत."

"नावं नाही जाणार," मी म्हणाले. "पण मला धोंडेगव्हाणला जायचंच आहे. सव्वीस महिन्यांची भेट राहिलीय माझी."

बैठकीच्या दिवशी ओढा कोरडा होता. लिंबाजीनं जीप अलीकडेच लावली, मीच लावायला सांगितली, आणि मी काठी टेकत गावात शिरले. द्वारकाचं सासर विचारावं लागलं नाही. पडवीत दहा-बारा पुरुष, मध्ये तक्क्याला टेकलेले एक म्हातारे, डोक्याला फेटा. ते माजी सरपंच, नात्यानं दिगंबरचे चुलते, बैठक त्यांच्याच हातात होती. रंगनाथ एका कडेला, दिगंबर दुसऱ्या कडेला मान खाली घालून. द्वारका खाली पायरीवर, मांडीवर कापडी पिशवी. आत यायला तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि ती परतही गेली नव्हती. दाराच्या चौकटीत सासू, केसरबाई. उंच, सरळ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तिच्या मागे थोरली सून सुभद्रा चहाचं ताट घेऊन उभी.

"ह्याच त्या गाडीवाल्या बाई," केसरबाई म्हणाली. "या. तुमीच सांगा आता पंचाला, कसलं झालं व्हतं ते. गिराण लागल्यालं असताना इळीवर चिरत बसली असंल, न्हाईतर हिच्या माहेरचं रगातच तसलं. आमच्या दारात आसलं कंदी झालं न्हाई."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. कोणी बसा म्हणालं नाही.

"हा दोष पहिल्या महिन्यात होतो," मी म्हणाले. "तेव्हा ती इथं होती, तुमच्या घरात. माहेरी ती सातव्या महिन्यात गेली. आणि ती एकटी नाही. दोन वर्षांत तुमच्या या गावातल्या चार सुनांना असंच बाळ झालंय. चौघींची माहेरं वेगळी. गाव एकच, हे."

पडवीत एकदम कालवा झाला. "कोण चौघी?" "काय बोलताव बाई?" माजी सरपंचांनी हात वर केला.

"नावं सांगा," ते म्हणाले.

"नावं सांगता येणार नाहीत."

"मग कसं मानायचं?"

"मी स्वतः चारी घरी जाऊन आलेय."

"बाई," म्हातारे अगदी शांतपणे बोलायला लागले, समजूत घालतात तसे. "मी पंधरा वर्षं सरपंच व्हतो. तुमच्या दवाखान्याचा कागद मला ठावा हाय. दर म्हैन्याला तालुक्याला जातो, पंचायतीत त्याची नक्कल येती. धोंडेगव्हाण, निरंक. गेल्या म्हैन्यातबी निरंक. मग तुमचा कागद खोटा, का तुमी?"

दोघंतिघं हसले. केसरबाई हसली नाही, तिनं नुसती मान उडवली. रंगनाथनं डोळे मिटून घेतले. पायरीवरची द्वारका माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की आता माझ्या तोंडून काय निघतं त्यावर तिनं इथं राहायचं की ती पिशवी घेऊन उठायचं, हे ठरणार. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. चार फॉर्म पिशवीत होते आणि ते बाहेर काढायचे नव्हते.

"कागद खोटा," मी म्हणाले. "तो मी लिहिलाय. इथं न येता लिहिलाय. सव्वीस महिने. मागच्या आषाढात येणार होते, अंगणवाडीच्या बाईला विचारा. ओढ्यापर्यंत आले आणि परत गेले. पाणी नव्हतं एवढं. मला कंटाळा आला होता. म्हणून निरंक. या गावात काही झालं नाही असं नाही, मी बघायलाच आले नाही. हे तुम्ही लिहून घ्या, मी सही करते. नोकरी गेली तर गेली. पण त्या कागदाच्या भरवशावर या पोरीला घालवू नका."

तीस वर्षांच्या नोकरीत मी असं कधी बोलले नव्हते. मी काठी दोन्ही हातांनी धरली. केसरबाई म्हणाली, "झालं का? चार न्हाई न् बिर न्हाई. आपली चुकी झाकाया आकडे सांगतेत सरकारी लोकं."

"चार न्हाई," मागून आवाज आला. "पाच."

सुभद्रा बोलली होती. ताट तसंच हातात धरून ती पुढे आली.

"सुभद्रे, आत हो," केसरबाई म्हणाली.

"पाच," सुभद्रा पुन्हा म्हणाली. ती सासूकडे बघत नव्हती, पंचांकडेही नाही. माझ्याकडेच बघत होती. "मागल्या आखाडात. माजं तिसरं. ह्याच घरात, आतल्या खोलीत. पाठ उघडी व्हती तिची. ह्या आमच्या आत्याबाईनी गोठ्यामागं माती दिली आन भाईर सांगितलं, चौथ्या म्हैन्यात पडलं म्हणून. अंगणवाडीवाली म्हणली व्हती, मोठ्या सिस्टर येणार हायती, बाळंतिणींला बघणार हायती. मी चार दिस दाराकडं बघत व्हते. म्हणलं, कुणाला तरी सांगावं. न्हाई आलाव तुमी."

त्या घोटाभर पाण्याची मला इतकी शरम वाटली की सांगता येत नाही. 

केसरबाई चौकटीला धरून हळूहळू खाली बसली. तिचा तो ताठा बघता बघता उतरला. "मंग काय करायचं व्हतं म्या?" ती म्हणाली. कोणाला ते कळत नव्हतं. "एकीचं झाकलं. तर दुसरीचंबी तसलंच. दोन सुना, दोघींचं तसंच. लोकांनी घराला नाव ठिवलं असतं. माझ्या दिगंबरला कुणी पोरगी दिली असती का हो पुन्हा? म्हणलं, हिच्या माहेरावर जाऊ दे. जाऊ दे तिकडंच."

 पंचांमधला एक जण उठला, खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावून तसाच पायऱ्या उतरून गेला. तो कासारपिंपरीच्या मुलीचा सासरा होता. कासारपिंपरीला भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत मी त्याला बघितलं होतं, पण आता त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

तेवढ्यात द्वारका उठली. पिशवी तिनं पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि पुरुषांच्या मधून सरळ वाट काढत चौकटीपाशी गेली. सुभद्राच्या हातातून ताट घेतलं.

"आक्का, तुमी बसा," ती म्हणाली. "सिस्टरला सगळं सांगा. च्या मी देती."

ती केसरबाईच्या बाजूनं पाय टाकून आत गेली. केसरबाईनं तिला अडवलं नाही. लुगड्याचा काठ तेवढा बाजूला ओढून घेतला, तिच्या पायात येऊ नये म्हणून. माजी सरपंचांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. रंगनाथकडे बघून म्हणाले, "दिगंबर, इवायाला पाणी दे." सोडचिठ्ठीचं नाव मग कोणी काढलंच नाही.

पुढचं सांगून टाकते. तांबोळी मॅडमची टीम आली, आठ दिवस राहिली. विहिरीचं पाणी नेलं, कणग्यांतलं धान्य नेलं, कोणत्या पोरीला गोळ्या मिळाल्या, कोणाला नाही, ते घरोघर विचारलं. नेमकं कारण असं बोट ठेवून कोणाला सांगता आलं नाही. पण गोळ्या सुरू झाल्या, नव्या लग्नाच्या प्रत्येक मुलीला, दिवस जायची वाट न बघता. त्या द्यायला दर महिन्याला मीच जायची, नवी नर्स येईपर्यंत. ओढ्याला पाणी असलं तर चपला हातात घेऊन. गुडघा काही सुधारला नाही. कासारपिंपरीच्या मुलीला तिचा सासरा स्वतः जाऊन घेऊन आला, असं मी नंतर ऐकलं. द्वारकाला दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याला मी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, दोनदा. फॉर्म भरायचा नव्हता.

पण त्या बैठकीच्या दिवशी एक फॉर्म भरायचा होता. पंच उठून गेले, आणि मी व सुभद्रा पडवीत समोरासमोर बसलो. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"नाव कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले.

"सांगा की. माजं लिवा, काय व्हतं?"

मी विचारत गेले, ती सांगत गेली. बहुतेक बायकांना तारीख आठवत नाही, अमुक सणाच्या पुढेमागे म्हणतात. सुभद्रानं दिव्याच्या अवसेचा आदला दिवस सांगितला, वार सांगितला, पहाटे गुरं सोडायच्या आधीची वेळ सांगितली. जणू आठ महिने हे सगळं ती तोंडपाठ करून बसली होती, कोणीतरी विचारील म्हणून.

"मुलगा की मुलगी?"

"पोरगी. केस लई व्हते तिला."

केसांना रकाना नव्हता. मी समासात लिहिलं. तिनं वाकून बघितलं, तिला वाचता येत नव्हतं, पण मी लिहिते आहे एवढं बघून ती पुन्हा नीट बसली. आत द्वारका कप विसळत होती, त्याचा आवाज येत होता.

मग ते दोन रकाने आले. जन्माचे ठिकाण. मी लिहिलं, मौजे धोंडेगव्हाण. आईचे राहण्याचे ठिकाण. वेगळ्या काढलेल्या त्या सगळ्या गठ्ठ्यात हा एकच फॉर्म असा होता, जिथं वरीलप्रमाणे लिहिणं खरं ठरलं असतं. मी पेन झटकलं आणि गावाचं नाव परत पहिल्यापासून लिहिलं, तालुका-जिल्ह्यासकट.